अठ्ठेचाळीस नंबर, गैरहजर

मी ती बाटली आठ वेळा धुतली. दोनदाच धुवायची होती. बाटलीवर तशी चिठ्ठीही डकवलेली होती, लाल शाईत, ठळक.

हे आधीच सांगून टाकलं की पुढचं सांगायला बरं पडतं. माझ्या आयुष्यात चुकांची टंचाई कधी भासलेली नाही. नागपूरहून बंगळूरला पीएच.डी.साठी आलो तेव्हा चुकीच्या प्राध्यापकांच्या खोलीत शिरून वीस मिनिटं मुलाखत दिली होती, आणि त्यांनी मला नापासही केलं होतं. पण त्या चुका माझ्या मला पुरल्या. बाटलीची चूक सरोजक्कांच्या खोलीवर बेतली. त्यामुळे त्या बाईंबद्दल काहीही सांगायला बसलो की माझा हात आधी त्या बाटलीकडेच जातो.

नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं. यशवंतपूरच्या अंगाला असलेल्या आमच्या संस्थेत मी क्वांटम डॉट्स बनवत होतो. नाव मोठं, वस्तू फार लहान. कॅडमियम सेलेनाइडचे इतके बारीक कण, की त्यांचा रंग ते कशाचे आहेत यावर नाही, केवढे आहेत यावर ठरतो. अगदी बारीक असले की यूव्ही दिव्याखाली हिरवे चमकतात, जरा वाढवले की केशरी, आणखी वाढवले की लाल. एकाच भांड्यातून सगळे रंग. मला याचा इतका अभिमान होता, की जणू निसर्गाने हे माझा सल्ला घेऊन ठरवलं होतं.

अडचण एकच होती. हे कण टोल्युइन या द्रावकात सुखाने नांदत. पण रेझिनमध्ये, म्हणजे ज्या पाकाचं पुढे पारदर्शक प्लास्टिक होतं त्यात, घातले की दुसऱ्या दिवशी पाक दुधाळ, तिसऱ्या दिवशी तळाला विटकरी गाळ, आणि चमक गायब. सहा महिने मी हा गाळ वेगवेगळ्या तपमानांना तयार केला. शेवटी गाईड म्हणाले, "बोम्मसंद्र्यात रेझिनचा एक कारखाना आहे. तिथे एक बाई आहेत. वीस वर्षं झाली, त्यांनी रंगातला कण खाली बसू दिलेला नाही. जा, आणि तोंड बंद ठेवून ऐका."

यातलं 'जा' एवढंच मी पाळलं.

दोन बस बदलून, होसूर रोडवरच्या लॉऱ्यांच्या मागून तासन्‌तास सरकत मी तिथे पोचलो. कारखान्याच्या वरच्या मजल्यावर एक लांबट खोली, पश्चिमेला मोठी खिडकी, कोपऱ्यातून गच्चीवर जाणारा लोखंडी जिना. आणि टेबलापाशी एक ठेंगणी बाई. सुती साडी, त्यावर पुरुषाच्या मापाचा पांढरा कोट. बाया केमिस्ट होतील असं कोट शिवणाऱ्यांना बहुधा कुणी सांगितलं नव्हतं, त्यामुळे बाह्या तीन वेळा दुमडलेल्या. डाव्या हाताच्या अंगठ्याचं नख निळं होतं. पुढे कळलं की ते रोज वेगळं असतं. खाली कढईत जो रंग शिजत असेल त्याचा एक थेंब त्या नखावर ओढून, उन्हात धरून बघत. कामगार त्यांना जिन्यावर भेटले तर आधी नख बघत, मग चेहरा. नखावर बोट फिरवत असल्या तर कामाची पाळी लांबणार हे ठरलेलं.

मी बाटल्या मांडल्या, खोलीचे पडदे ओढले, दिवा लावला आणि व्याख्यान दिलं. कणाचा आकार, त्यात कोंडलेला इलेक्ट्रॉन, आकार घटला की रंग का बदलतो. फळा नव्हता म्हणून हवेत समीकरणंही काढली. सरोजक्का मन लावून ऐकत होत्या. मी थांबल्यावर म्हणाल्या, "ते आतलं झालं. बाहेर काय हाय?"

"बाहेर म्हणजे?"

"ह्याच्या अंगावर काय घातलंयस?"

"ते... बनवताना एक मेणासारखं रसायन असतं. त्याचे रेणू चिकटलेले असतात वरून. त्याचं विशेष काही नाही."

"विशेष काही नाही." त्यांनी ते शब्द जिभेवर ठेवून बघितले. "रेझिनला तुझं आतलं दिसतंय होय रे? त्याला दिसतंय ते फक्त कातडं. आत इलेक्ट्रॉन कोंडलाय का उंदीर, त्याला काय ठाऊक?"

मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. त्यांनी निळं नख वर केलं. "स्वल्प थांब, डॉक्टर."

मी डॉक्टर व्हायला अजून दोन वर्षं होती. त्यांनी मात्र त्या दिवसापासून मला दुसऱ्या नावाने हाक मारली नाही. माझं नाव त्यांना ठाऊक होतं की नाही, याबद्दल मला आजही शंका आहे.

अक्का मूळच्या निपाणीच्या. धारवाडला एम.एस्सी. केलेलं, बोम्मसंद्र्यात शेतं होती तेव्हापासून तिथे नोकरीला. घरात मराठी, कारखान्यात कन्नड, साहेबांशी इंग्रजी, आणि कण फुटेनासा झाला की तिन्ही एकदम. त्यांची सगळी विद्या एका वाक्यात मावत असे: "कण कधी एकटा बुडत न्हाई. एकमेकाला मिठी मारली की बुडतोय." कणांनी एकमेकांना मिठी मारू नये म्हणून त्यांच्या अंगावर काहीतरी हवं. त्या कशाचं एक टोक कणाला घट्ट धरेल आणि दुसरं टोक रेझिनमध्ये मोकळं सुटेल, केसांसारखं. आणि ते केस रेझिनला आपल्यातले वाटले पाहिजेत. एवढंच. हे 'एवढंच' समजायला मला वर्ष लागलं.

ढवळण्यावर त्यांचा विश्वास नव्हता. एकदा मी तिथे असताना खाली एक पांढरा रंग चक्कीत गोळा होऊन बसला. पाळीचा मुकादम म्हणाला, अक्का, अजून आठ तास फिरवू, फुटेल. अक्कांनी चक्की बंद करायला लावली. नख बघितलं, वास घेतला, आणि वर येऊन एका बरणीतून चहाच्या कपात मावेल एवढं तेलकट काहीतरी नेऊन त्यात ओतलं. म्हणाल्या, आता पाच मिनिटं कुणी हात लावायचा नाही. मुकादमाने माझ्याकडे बघून खांदे उडवले, मीही उडवले. विद्वानांचं एकमत होतं. मग चक्की सुरू केली, आणि कणकेसारखा तो गोळा बघता बघता पातळ होऊन ताकासारखा वाहायला लागला.

"आधी भिजवायचं, मग ढवळायचं," अक्का मुकादमाला म्हणाल्या, आणि माझ्याकडे वळून, "तू पण ऐक. खांदे उडवलेले मी बघितलेत."

पण त्यांची खरी ओळख म्हणजे हजेरी. महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी दुपारी चारला, जेवणाचा डबा धुऊन पालथा घातला की, अक्का कपाटातून एक लांबडा हजेरीपट काढत. शाळेत असतो तोच, शाळांना माल पुरवणाऱ्या दुकानातून आणलेला. त्यांच्या हातून निघालेल्या प्रत्येक नमुन्याला नंबर होता आणि तीन भावंडं होती. एक खिडकीत, उन्हाला. एक कपाटात, अंधारात. आणि एक ज्याचं काम त्याच्या हातात. रंगाचे पत्रे असले तर गच्चीवर, दक्षिणेला तोंड करून तिरके बसवलेले. त्यातले काही त्या नोकरीला लागल्या त्या वर्षीचे होते. दर महिन्याला सगळ्यांची हजेरी. अक्का नंबर वाचणार, दुसऱ्याने बाटली उचलून बघायची. पारदर्शक आहे, रंग आहे, तळाला काही नाही: हाजर. नाही तर गैरहजर.

"आणि गेला तर टाकून द्यायचा?" मी पहिल्या हजेरीला विचारलं.

"तीनदा गैरहजर झाल्याशिवाय नाव खोडायचं न्हाई. माणूस आजारी पडत न्हाई काय?"

मी हसलो. पण चौथ्या महिन्यात माझीच एक मंद पडलेली बाटली खिडकीतल्या उन्हात आपोआप पुन्हा चमकायला लागली. मी गाईडांना सांगायला धावलो. अक्कांनी फक्त हजेरीपटात 'आला' असं लिहिलं.

माझ्या कणांचे नंबर अक्कांनी नव्याने एकपासून सुरू केले, आणि एक ते सत्तेचाळीस आम्ही बुडवले. कधी अंगावरचा थर बदलला, कधी रेझिन. कणांना जे धरवे ते रेझिनला नको असे, आणि रेझिनला जे हवं ते कणावरून सुटून येई. मी दर वेळी नवं रसायन सुचवत असे, जितकं नाव लांब तितका माझा विश्वास जास्त. एका दुपारी अक्का माझ्या यादीकडे बघून म्हणाल्या, "तुझ्या कणाचे केस लांब हायत न्हवं? तेलकट?"

"हो."

"मग केस कशाला कापालायस? रेझिनलाच लांब केसांचं घे की."

आणि मला घेऊन खाली गोदामात गेल्या. कोपऱ्यात धूळ खात एक पिंप उभं होतं. वंगणाच्या तेलात घालायचा माल कारखाना पूर्वी बनवत असे, त्याचं उरलेलं. त्यातल्या रेणूला खोबरेल तेलातून निघणारी लांब शेपटी होती. "हे खोबऱ्याच्या घराण्यातलं," अक्का पिंपावर थाप मारून म्हणाल्या, सोयरिकीसाठी स्थळ दाखवावं तसं. "हे तुझ्या कणाशी भांडणार न्हाई."

ते नुसतं घेतलं तर मऊ रबरासारखं राही, म्हणून त्यात साखळ्या एकमेकींना बांधणारं थोडं रसायन घातलं. अठ्ठेचाळीस नंबर. दुसऱ्या दिवशी बघितलं, काचेसारखं स्वच्छ. आठवड्याने स्वच्छ. महिन्याने, खिडकीतल्या उन्हात, स्वच्छ आणि लाल. त्या शनिवारी मी "हाजर" म्हणालो तेव्हा माझा आवाज फुटला. अक्का म्हणाल्या, "ओरडू नको. अजून पावसाळा जायचाय."

आता बाटलीकडे येतो.

कारखान्याचे मालक कामतसाहेब. मनाने वाईट माणूस नव्हे. पण बंगळूरमध्ये तेव्हा ज्याच्याकडे रिकामी खोली त्याला त्यात कॉम्प्युटर दिसायला लागले होते, आणि कामतसाहेबांच्या मुलाला वरच्या खोलीत बारा दिसत होते. एके दिवशी साहेब वर आले, खुर्चीवर न बसता म्हणाले, "अक्का, चेन्नईहून पाहुणे येणार आहेत. निळ्या दिव्यांवर बसवून उजेड लाल करणारी प्लास्टिकची टोपी हवी आहे त्यांना. हे नवीन निळे दिवे निघालेत ना, त्यावर. तुमचं हे त्यांना पटलं, तर खोली तुमची. नाही तर जूनपासून इथे मुलाचं ऑफिस. तुम्हाला खाली क्वालिटी कंट्रोलला टेबल देतो, खिडकीजवळचं."

"सरी," अक्का म्हणाल्या, म्हणजे कन्नडात ठीक आहे. मग जरा वेळाने, "आणि गच्चीवरच्यांचं?"

"कोण गच्चीवरचे?"

"पत्रे. वीस वर्षांचे हायत. हजेरी कोण घेणार?"

साहेबांनी खिशातून रुमाल काढून कपाळ पुसलं आणि खाली गेले. अक्का पुन्हा कामाला लागल्या. पण त्यांनी डबा उघडला आणि भाकरी तशीच ठेवून परत लावला, हे मी बघितलं.

टोप्या मी ओतायच्या असं ठरलं, कारण साचे आमच्या संस्थेत होते. अक्कांनी अठ्ठेचाळीस नंबरच्या कणांची मोठी बाटली माझ्या हातात दिली. तिच्यावर ती चिठ्ठी: 'दोनदाच धुणे.' धुणे म्हणजे मिथेनॉल घालून कण खाली पाडायचे, वरचा द्रव काढून टाकायचा, कण परत विरघळवायचे. बनवतानाचा जास्तीचा चिकटपणा निघून जातो.

आता कबुली. पाहुणे इंजिनियर होते, आणि माझ्या डोक्यात आलं की त्यांना शुद्ध माल दाखवावा. शिवाय एक मोजमाप करून शोधनिबंधात घालायचं होतं, त्याला शुद्ध कण लागतात. दोनदा धुतल्यावर ते मेण बोटाला जाणवत होतं. नागपुरी घरात वाढलोय, चिकट भांडं हातातून सोडवत नाही. तिसऱ्यांदा धुतलं. चौथ्यांदा. दर वेळी कण जरा हळू विरघळत होते आणि मी समजत होतो की आता ते शुद्ध होत चालले आहेत. आठव्यांदा विरघळलेच नाहीत. मग मी ते यंत्रात घालून, हलवून, दमदाटी करून विरघळल्यासारखे केले आणि टोप्या ओतल्या.

सकाळी साच्यातून निघालं ते फिक्या चहासारखं गढूळ होतं. चमक म्हणावी तर होती, लाजेने लाल झाल्यासारखी.

नवे कण बनवायचे तर ते मेणाचं रसायन हवं. आमचं संपलं होतं, नवी बाटली परदेशाहून निघून कस्टममध्ये अडकलेली. पाहुणे यायला दोन दिवस. मी त्या टोप्या आणि नळ्यांच्या तळाशी उरलेला चिखल डब्यात घालून बोम्मसंद्र्याला निघालो. मॅजेस्टिकच्या स्टँडवर बस बदलताना नागपूरच्या गाडीची चौकशी करावी असंही मनात येऊन गेलं.

अक्कांनी टोपी उजेडात धरली. "किती वेळा?"

"तीन-चार."

त्या बघत राहिल्या.

"आठ."

"आठ," अक्का म्हणाल्या. "आंघोळ घातलीस का सोललंस?"

मी त्यांना माझा बेत सांगितला. येताना बसमध्ये केलेला. खिडकीतली आणि कपाटातली, दोन्ही छोट्या बाटल्या मिळून एक टोपी होईल. एक पुरे. पाहुण्यांना एकच तर दाखवायची.

"आणि त्यांनी विचारलं, किती दिवस टिकतंय, तर?"

"सांगू ना. चार महिने."

"कशावरून? खिडकीतली तर तू ओतून टाकली असशील." त्यांनी टोपी खाली ठेवली. "साक्षीदार मारून साक्ष द्यायची व्हय रे?"

खोली जाणार होती ती त्यांची. एक टोपी दाखवली असती तर बहुधा भागलंही असतं. मी तसं म्हणालोही, की अक्का, तुमच्या खोलीचा प्रश्न आहे. तर म्हणाल्या, "खोली माझी हाय म्हणूनच हितं तसलं चालत न्हाई. तो चिखल काढ."

चिखलाचे त्यांनी दोन भाग केले. एका भागाला हात लावला नाही, तसाच बाटलीत भरून झाकण लावलं. दुसऱ्यात कपाटातली एक बरणी उघडून थोडं अमाइन घातलं. तेही खोबऱ्याच्याच घराण्यातलं, रंगाच्या कणांना लावायला कारखान्यात असे. एक टोक कणाला धरणारं, एक लांब शेपटी. कोमट पाण्यात बाटली ठेवली आणि खोलीभर सुकटीचा वास सुटला. कामतसाहेब जिन्यातून डोकावून म्हणाले, "कुणाचा डबा?" अक्कांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

त्या दिवशी संध्याकाळपर्यंत चिखल चिखलच होता. दुसऱ्या दिवशी सकाळी निम्मा विरघळला होता. दुपारी अक्कांनी ती बाटली खिडकीत उन्हात ठेवली आणि आपण गच्चीवर पत्रे पुसायला गेल्या. मी दर दहा मिनिटांनी दिवा धरून बघत होतो. तीनच्या सुमाराला मला वाटलं की चमकतंय, पण मला काय, काहीही वाटतं. अक्का खाली आल्या, एकदा बघितलं, म्हणाल्या, "येतोय. पूर्ण न्हाई येणार. पण येतोय." त्यातून आम्ही एक टोपी ओतली. स्वच्छ होती. चमक मूळच्या निम्मी.

पाहुणे आले. पांढऱ्या केसांचे, शांत, एकटेच. कामतसाहेब त्यांच्या मागे, आणि साहेबांचा मुलगा खोलीची लांबी डोळ्यांनी मोजत. मला वाटलं अक्का आधी चांगली टोपी निळ्या दिव्यावर बसवतील. त्यांनी आधी माझी गढूळ टोपी पुढे ठेवली.

"हे बिघडलेलं," अक्का इंग्रजीत म्हणाल्या. "आठ वेळा धुतलं. अंगावरचं सगळं निघालं, कण एकमेकाला चिकटले, चमक मेली."

कामतसाहेबांचा चेहरा उतरला. मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लागलो. त्यावर मे महिना होता, पुढचं पान जूनचं.

मग त्यांनी चिखलाची न हात लावलेली बाटली ठेवली. शेजारी ती बरी झालेली टोपी. "हा तोच चिखल. ह्याला परत कपडे घातले. निम्मा आला." त्याच्या शेजारी खिडकीतली छोटी बाटली. "हे दोनदाच धुतलेलं. चार महिने उन्हात हाय." आणि शेवटी हजेरीपट, उघडून. एक ते सत्तेचाळीस, कोण कधी गेलं, कशाने गेलं, सगळं त्यांच्या तिरप्या अक्षरात.

पाहुणे उभ्या उभ्या तो हजेरीपट वाचत राहिले. पानं उलटत सत्तेचाळीसपर्यंत आले. मग बसले. "हे आठ वेळा कुणी धुतलं?"

कॅलेंडरवर माझं फार बारीक लक्ष होतं.

"आमच्याकडून झालं," अक्का म्हणाल्या.

पाहुण्यांनी हजेरीपट मिटला. मग कामतसाहेबांना म्हणाले, "माझ्याकडे महिन्याला दोन जण काहीतरी चमकणारं घेऊन येतात. ते मरतं कसं, हे आजवर कुणी दाखवलं नव्हतं. मला वर्षभर नमुने पाठवा. पण याच खोलीतून. आणि या बाईंच्या सहीने."

साहेबांच्या मुलाने मोजणं थांबवलं. त्याचे बारा कॉम्प्युटर पुढे तळमजल्यावर बसले आणि छान चालले. त्या टोप्या बाजारात आल्या का? नाही. काम तपासणीपलीकडे फारसं गेलं नाही. खोली मात्र राहिली. आणि पाहुणे गेल्यावर अक्कांनी काय केलं, तर डबा उघडून भाकरी खाल्ली. शेंगाचटणीचा एक घास माझ्या हातावर ठेवला आणि म्हणाल्या, "कॅलेंडरमध्ये सुट्टी सापडली काय?"

प्रबंधाचा कच्चा खर्डा झाला तेव्हा मी तो त्यांना दाखवायला नेला. आभाराच्या पानावर त्यांचं नाव मी फार हौसेने घातलं होतं. त्यांनी ते पान वाचलंच नाही. सरळ कृतीच्या प्रकरणाकडे गेल्या, बोट ठेवून वाचत वाचत थांबल्या.

"'कण दोनदा धुतले.' आणि आठ कुठं हाय?"

"ते कोण लिहितं, अक्का? ती चूक होती."

"मग पुढचा परत धुणार."

तिसऱ्या वाक्याची त्यांना गरज नव्हती. मी अर्धं पान वाढवलं: किती वेळा धुतल्यावर काय झालं, आणि अमाइनने किती परत आलं. माझ्या तोंडी परीक्षेत बाहेरचे परीक्षक दोनशे पानांतलं ते अर्धं पान काढून म्हणाले, यातला सगळ्यात उपयोगी भाग हा आहे. गाईड माझ्याकडे कौतुकाने बघत होते. मी नम्रपणे मान खाली घातली. दुसऱ्याच्या शहाणपणावर नम्र व्हायला मला छान जमतं.

बांधलेली प्रत घेऊन गेलो तो दुसरा शनिवार होता. मुद्दामच. अक्का गच्चीवर होत्या. मोठ्या कोटाचा खिसा हजेरीपटाने लोंबलेला, अंगठ्याचं नख पिवळं. एकेका पत्र्यापुढे वाकून, फडक्याने धूळ झटकून, नंबर पुटपुटत पुढे सरकत होत्या. वीस-एकवीस वर्षांपूर्वीचा एक निळा पत्रा होता, कडांना उडालेला, मध्ये अजून निळा. त्याच्यापाशी त्या जरा जास्त वेळ थांबल्या. मी जिन्याच्या तोंडाशी उभा राहून बघत होतो. हाक मारावीशी वाटली नाही. आजही अक्का म्हटलं की मला त्या तशाच दिसतात, उन्हात वाकलेल्या, कुणाला तरी हजर मांडत.

खाली खोलीत नवीन केमिस्ट आली होती. गीता, बेळगावची. नवीन माणसाला पहिल्या आठवड्यात जे दाखवायचं ते तिला दाखवून झालं होतं, आणि पाहुण्याला दाखवण्याची आता तिची पाळी होती. तिने कपाटातून एक डबी काढली. आत माझी टोपी. फिक्या चहासारखी, गढूळ.

"हे अठ्ठेचाळीस नंबर," ती म्हणाली. "एका शिकलेल्या माणसानं आठ वेळा धुतलं. बाटलीवर लिहिलेलं असताना."

हजेरीपट घेऊन अक्का जिन्यावरून उतरत होत्या. मी म्हणालो, "अक्का, हिच्या तीन गैरहजेऱ्या कधीच झाल्या. नाव का नाही खोडलं?"

"कामाला येतंय अजून," अक्का म्हणाल्या.

गीता एकदा टोपीकडे, एकदा माझ्याकडे बघायला लागली. माझ्या हातातली जाड प्रत तिने बघितली, कपाळावरचा घाम बघितला. मग अक्कांकडे वळली.

"हेच होय ते? बघून तर हुशार वाटतात."

अक्कांनी प्रत माझ्या हातातून घेतली, कृतीचं प्रकरण काढलं, चष्मा लावला.

"बाहेरचं बरं हाय त्याचं," त्या वाचता वाचता म्हणाल्या. "आतलं मी बघितलंय."